सायकल चालवताना फोटो काढणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सायकलवर कॅमेरा वापरणाऱ्यांना आणि वापरू पाहणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न आधी वाचलात तरी चालेल, फक्त पहिला वगळू नका. पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे.

चालत्या सायकलवरून फोटो काढायचाच कशाला? थांबून का नाही?

बहुतेक वेळा थांबूनच काढा. सायकलइतकं थांबायला सोपं वाहन दुसरं नाही. जागा शोधावी लागत नाही, इंजिन बंद करावं लागत नाही, एक पाय टेकला की झालं. डोंगर, पूल, जुनं झाड हे कुठेही पळून जात नाहीत आणि उभं राहून काढलेला त्यांचा फोटो चालत्या सायकलवरच्या फोटोपेक्षा सरस येतो.

चालत्या सायकलवरून काढायचं ते थांबल्यावर जे उरतच नाही ते. शेजारून पायडल मारणारा सोबती, रस्त्याला समांतर उडणारे बगळे, सकाळच्या तिरप्या उन्हात बाजूने धावणारी आपली सावली. थांबल्यामुळे फोटोच नाहीसा होणार असेल तरच हात हँडलवरून काढावा, असं माझं ठाम मत आहे. लय तुटते किंवा कंटाळा येतो, ही कारणं पुरेशी नाहीत.

त्यातही रस्ता सरळ, सपाट, कोरडा आणि रिकामा हवा. वळण, उतार, खडी, चौक, मागून गाडीचा आवाज, किंवा गटात पुढच्याच्या चाकाला चिकटून चाललेलं असणं, यातलं काहीही असेल तर कॅमेरा जागेवरच राहू द्या.

एक हात सोडायचा तर कोणता?

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांचं शटरचं बटण उजवीकडे असतं, म्हणजे कॅमेरा उजव्या हातात जाणार आणि हँडलवर डावा हात राहणार. आता डाव्या हाताखाली कोणता ब्रेक आहे ते बघा. जिथे वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, तिथल्या सायकलींना बहुधा डावीकडे मागचा ब्रेक असतो. अमेरिकेत आणि युरोपच्या बऱ्याच भागात डावीकडे पुढचा असतो. पण कागदावरच्या नियमावर विसंबू नका. सायकल उभी करून डावा लिव्हर दाबा आणि कोणतं चाक अडतं ते स्वतः पाहा.

डावीकडे मागचा ब्रेक असेल, तर एका हाताने थांबता येतं, पण उशिरा. ब्रेक लावताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं चाक हलकं होऊन घसरू लागतं. त्यामुळे नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायला, दोन्ही ब्रेक नीट लावल्यावर लागतं त्याच्या साधारण दुप्पट अंतर लागतं. डावीकडे पुढचा असेल तर प्रकरण जास्त नाजूक आहे. तो जोरात लागला की अंग पुढे ढकललं जातं, सगळा भार एकाच हातावर येतो आणि हँडल त्या बाजूला वळतं. अशा सायकलवर एका हाताने फोटो काढताना वेग चालण्याच्या थोडा वर, एवढाच ठेवावा.

एका हाताने चालवली की सायकल वाकडी जाते. काय करू?

हात हँडलच्या टोकाला असला की अंगाचा भार त्या बाजूने हँडल ओढतो. हात मध्याजवळ, म्हणजे हँडल फ्रेमला जोडलेलं असतं तिथे सरकवला की सायकल एकदम शांत होते. शर्यतीतले सायकलपटू मागे वळून बघताना नेमकं हेच करतात. अडचण एवढीच, की तिथून ब्रेक हाताशी राहत नाही. म्हणून मध्यावरची पकड फक्त पूर्ण मोकळ्या रस्त्यावर ठेवावी, एरवी बोटं लिव्हरवर असू द्यावीत आणि थोडी थरथर चालवून घ्यावी.

दुसरं कारण नजर. सायकल नजरेमागे जाते. डावीकडच्या तळ्याकडे टक लावून पाहिलंत की चाकही हळूहळू तिकडेच सरकतं. म्हणून व्ह्यूफाइंडर डोळ्याला लावायचाच नाही. कॅमेरा छातीच्या किंवा हँडलच्या उंचीवर धरायचा, अंदाजाने रोखायचा, नजर रस्त्यावर ठेवायची आणि बटण दाबायचं. स्क्रीनवर फोटो कसा आला ते थांबल्यावर बघा. 18 किमी वेगाने तुम्ही सेकंदाला 5 मीटर पुढे जाता. दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिलं तर 10 मीटर रस्ता न बघता पार झाला.

सराव रिकाम्या मैदानात करा, आणि तोही आधी कॅमेऱ्याशिवाय. एका हाताने सरळ रेषेत जाणं, खिशातून वस्तू काढणं, परत ठेवणं, एका हाताने थांबणं, हे अंगवळणी पडलं की मग कॅमेरा हातात घ्या.

फोटो हमखास हललेला येतो. शटर स्पीड किती ठेवू?

सुरुवात 1/1000 पासून करा, म्हणजे शटर सेकंदाचा हजारावा भागच उघडं राहील. पण आकडा पाठ करण्यापेक्षा फोटो कशामुळे हलतो ते समजून घेतलं तर जास्त उपयोग होतो, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात.

पहिली म्हणजे रस्त्याचे हादरे. टायर, फ्रेम आणि हाताच्या वाटे ते कॅमेऱ्यापर्यंत पोचतात आणि जवळचं, लांबचं सगळं सारखंच पुसतं. यावर उपाय म्हणजे कोपर सैल ठेवणं, बटण दाबताना पायडल थांबवणं आणि वाइड, म्हणजे कमी मिमीची आणि रुंद दृश्य टिपणारी लेन्स वापरणं. 24 किंवा 28 मिमी लेन्समध्ये हादरा लपतो, 85 मिमीमध्ये तोच हादरा फोटो घालवतो.

दुसरी गोष्ट सायकलचा वेग, आणि त्याचा परिणाम अंतरावर अवलंबून असतो. 18 किमी वेगाने जाताना बाजूला 5 मीटरवरचं झाड 28 मिमी लेन्सने काढलं, तर फुल फ्रेम, म्हणजे जुन्या 35 मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर त्याची प्रतिमा सेकंदाला 28 मिमी सरकते. 1/1000 ला ती 0.028 मिमी सरकेल, म्हणजे फोटो जेमतेम तीक्ष्ण. 1/125 ला तेच झाड पुसून जाईल. पण झाड 50 मीटरवर असेल तर सरकणं दहापट कमी होतं आणि 1/125 सुद्धा पुरतं, हादऱ्यातून वाचलात तर. सरळ समोर रोखलेल्या कॅमेऱ्यात फ्रेमचा मध्य जवळपास स्थिर असतो आणि फक्त कडा पळतात. म्हणून नवशिक्यांनी आधी समोरचे फोटो काढावेत, बाजूचे नंतर.

सेटिंग सोपं आहे. शटर प्रायॉरिटी (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा जुळवतो), 1/1000, ऑटो आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना कॅमेराच ठरवतो). संध्याकाळी आयएसओ चढेल आणि फोटोत दाणे दिसतील. दिसू द्या. दाणेदार फोटो बघवतो, हललेला बघवत नाही. सोबत बर्स्ट, म्हणजे बटण दाबून ठेवलं की सलग फोटो काढणारी सोय, चालू ठेवा. हादरे सतत सारखे नसतात आणि सलग चार-पाच फ्रेममध्ये एखादी दोन हादऱ्यांच्या मधली सापडते.

कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन आहे, तरीही शटर इतकं वेगवान हवं?

हाताची हळुवार थरथर सावरणं हे त्याचं खरं काम. खडबडीत रस्त्याचा धक्का त्याच्या आवाक्यापलीकडे जातो, आणि सायकलच्या वेगामुळे येणारा पुसटपणा ते घालवू शकत नाही. चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर शटर मंद करू नका.

फोकस कसा करायचा, बघायचंच नाही तर?

आधीच करून ठेवायचा. 28 मिमी लेन्स, फुल फ्रेम, एफ/8 (लेन्सचं छिद्र बरंच लहान), फोकस साधारण 3.3 मीटरवर. एवढं केलं की सुमारे 1.7 मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग ऑटोफोकस बंद. फोकसच्या रिंगवर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावा, नाहीतर पिशवीतून काढता-ठेवता ती सरकते आणि घरी येईपर्यंत कळत नाही. रिकोच्या जीआर मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ठराविक अंतरावर फोकस लावून ठेवायची ‘स्नॅप’ सोय आहे. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना ती आवडते, आणि सायकलवर तिचा उपयोग त्याहून जास्त होतो.

कोणता कॅमेरा घ्यावा? मोबाइल पुरेल का?

थांबून फोटो काढणार असाल तर मोबाइल उत्तम. चालत्या सायकलवर मात्र तो मला पटत नाही. गुळगुळीत असतो, धरायला उंचवटा नसतो, घामाच्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही आणि हातमोज्यांना तर मुळीच नाही. शिवाय बरेच मोबाइल अनेक फ्रेम जोडून एक फोटो बनवतात, त्यामुळे हलत्या वस्तूंच्या कडा दुहेरी येऊ शकतात. तरीही मोबाइलच वापरायचा असेल तर मनगटात दोरी अडकवा, आवाजाच्या बटणाने क्लिक करा आणि पॉवर बटण दोनदा दाबून कॅमेरा उघडण्याची सोय असेल तर ती चालू करून ठेवा.

एका हाताने चालू होणारा, एका हाताने धरता येणारा आणि खिशात मावणारा छोटा कॅमेरा या कामाला सगळ्यात योग्य. रिको जीआर थ्री बॅटरी आणि कार्डासह 257 ग्रॅमचा आहे, वजनाची कल्पना त्यावरून यावी. मोठी लेन्स लावलेला डीएसएलआर एका हाताने तोलत सायकल चालवू नका. ते वजन मनगटावर आलं की हँडलवरचं लक्ष उडतं.

इलेक्ट्रॉनिक शटर शक्यतो बंद ठेवा. बहुतेक सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचले जातात, आणि तेवढ्या वेळात सायकल पुढे गेलेली असते. मग विजेचे खांब तिरके आणि गाड्यांची चाकं लंबगोल दिसतात. यांत्रिक शटरमध्ये हा दोष जवळजवळ जाणवत नाही.

हँडलवर मोबाइल लावल्याने त्याचा कॅमेरा बिघडतो हे खरं का?

बिघडू शकतो. ॲपलने 2021 च्या सप्टेंबरमध्ये अधिकृत सूचना काढून सांगितलं होतं, की मोठ्या मोटरसायकलच्या इंजिनाची कंपनं दीर्घकाळ बसली तर आयफोनमधलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस यांची क्षमता घटू शकते. या रचनेत लेन्स किंवा सेन्सर बारीक चुंबकांवर तोललेला असतो. सायकलला इंजिन नाही, त्यामुळे सतत उच्च वेगाची कंपनं नसतात. पण रोज दगडी रस्त्यावर तासन्‌तास जात असाल तर कंपन शोषणारा माउंट घ्या, किंवा मोबाइल खिशात ठेवा.

कॅमेरा अंगावर कुठे बाळगावा?

गळ्यात नको. वाकून चालवताना तो लोंबकळतो, गुडघ्यावर आपटतो, आणि लांब पट्टा पुढच्या चाकात गेला तर चाक जागच्या जागी अडकून तुम्ही हँडलवरून पुढे फेकले जाल. सैल पट्टा सायकलवर कुठेच नको.

पाठीच्या मधोमधही नको. पाठीवर पडलात तर कॅमेऱ्याचा कठीण ठोकळा थेट मणक्यावर येतो. खांद्यावरून तिरका घेतलेला पट्टा, त्याला छातीवरून जाणारी दुसरी आडवी पट्टी आणि कॅमेरा कंबरेच्या मागच्या बाजूला, ही मांडणी मला सगळ्यात बरी वाटते. हात मागे गेला की कॅमेरा पुढे येतो, सोडला की परत आपल्या जागी जातो. जर्सीच्या मागच्या खिशात छोटा कॅमेरा छान बसतो, फक्त घामापासून वाचवायला प्लास्टिकची झिप पिशवी हवी.

हँडल बॅग सोयीची असते, पण तिथे हादरे सर्वाधिक. तळाशी जाड फोम घाला आणि लेन्सचे, ट्रायपॉड प्लेटचे स्क्रू अधूनमधून तपासा. लांबच्या प्रवासात ते आपोआप सैल होत जातात.

ॲक्शन कॅमेरा लावायचा तर छातीवर, हँडलवर की हेल्मेटवर?

छातीवर. फ्रेममध्ये हात आणि हँडल येतात, त्यामुळे बघणाऱ्याला आपण सायकलवर असल्यासारखं वाटतं, आणि शरीर बरेचसे हादरे गिळतं. हँडलवर प्रत्येक खड्डा नोंदला जातो. हेल्मेटवरून दृश्य छान दिसतं, पण मी तिथे कॅमेरा लावत नाही आणि लावू नका असंच सांगेन. पडल्यावर हेल्मेट जमिनीवरून घसरायला हवं. वर उभा असलेला कठीण तुकडा अडकला तर मान पिळली जाते.

इंटरव्हल मोड, म्हणजे ठराविक सेकंदांनी आपोआप फोटो काढायची सोय, लावला की हात कायम हँडलवर राहतात, आणि उतारावरचे किंवा वळणावरचे फोटो याच मार्गाने काढावेत. 18 किमी वेगात दर 5 सेकंदांना एक फोटो म्हणजे दर 25 मीटरला एक. घाटात तेवढं पुरतं. वस्तीत ते अंतर जास्त वाटलं तर 2 सेकंद ठेवा.

व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम घेतली तर?

चालतं, पण 4के व्हिडिओची एक फ्रेम सुमारे 83 लाख पिक्सेलची असते. मोबाइलवर पाहायला ती भरपूर, मोठ्या छपाईला तोकडी. खरा घोळ शटरचा असतो. व्हिडिओ ओघवता दिसावा म्हणून शटर 1/50 च्या आसपास ठेवतात आणि त्यामुळे सुटी फ्रेम पुसट येते. फ्रेमच हव्या असतील तर शटर 1/500 च्या वर न्या. व्हिडिओ थोडा तुटक दिसेल, ते मान्य करा. आणि कॅमेऱ्यातलं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन फ्रेम सरळ करतं, फ्रेमच्या आतला पुसटपणा नाही. संध्याकाळी हा फरक ठळक दिसतो.

सोबत्याचा चांगला फोटो कसा काढावा?

सायकलवरून मिळणारा सगळ्यात सुंदर फोटो हाच आहे, आणि तो दुसऱ्या कुठल्याच वाहनातून असा येत नाही. दोघं शेजारी-शेजारी, एकाच वेगाने, मध्ये दीड-दोन मीटर अंतर. दोघांचा वेग सारखा म्हणजे एकमेकांच्या तुलनेत दोघं स्थिर. आता शटर 1/1000 वरून 1/60 वर आणा, जमलं तर 1/30 वर. सोबत्याचा चेहरा स्पष्ट राहतो आणि मागचं कुंपण, झाडं, रस्ता यांच्या लांब आडव्या रेघा होतात. 1/1000 ला हाच फोटो काढलात तर सोबती जागच्या जागी उभा असल्यासारखा दिसतो. इथे मंद शटरला हादरे नडतात, म्हणून गुळगुळीत रस्ता निवडा, पायडल थांबवा आणि बऱ्याच फ्रेम काढा. बहुतेक वाया जातील.

यात चाकांकडे नीट बघा. तुम्ही रस्त्याकडेला उभे राहून, कॅमेरा स्थिर धरून, समोरून जाणारी सायकल मध्यम शटरला काढलीत, तर चाकाचे खालचे स्पोक स्पष्ट आणि वरचे पुसलेले येतात. कारण चाक जमिनीला टेकतं तो बिंदू त्या क्षणी स्थिर असतो आणि चाकाचा माथा सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. सायकल 20 किमीने जात असेल तर माथा 40 ने. पण तुम्ही शेजारून त्याच वेगाने चालला असाल, किंवा उभं राहून कॅमेरा सायकलसोबत फिरवलात, तर चाक फक्त स्वतःभोवती फिरताना दिसतं आणि स्पोक सगळीकडे सारखे पुसतात. नुसतं चाक बघून फोटो कुठून आणि कसा काढलाय ते सांगता येतं.

पुढे राहून मागे वळून फोटो काढणं सगळ्यात धोक्याचं. मान वळली की खांदा वळतो, खांद्यामागे हँडल. समोरून येणारा सोबती हवा असेल तर जोरात पुढे जा, सायकल रस्त्याबाहेर उभी करा, खाली बसा आणि त्याची वाट बघा. मोठ्या शर्यतींतले फोटोग्राफरसुद्धा मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसतात आणि गाडी दुसराच कोणी चालवतो.

सोबत्याला आधी सांगून ठेवा. कॅमेरा दिसला की माणसं हात हलवतात, जवळ सरकतात, आणि हँडलला हँडल लागतं.

एकटा असताना स्वतःचा फोटो?

लहान ट्रायपॉड किंवा दगडाचा आधार, इंटरव्हल मोड आणि चार-पाच फेऱ्या. कॅमेरा नजरेआड होईल इतकं लांब जाऊ नका. चालत्या सायकलवर 360 अंशांचा कॅमेरा काठीवर बसवून हँडलला लावता येतो. त्याच्या दोन लेन्स पाठीला पाठ लावून असतात आणि काठी त्यांच्या जोडावर येते, म्हणून ती चित्रातून गायब होते. काठी फार लांब ठेवू नका, वाऱ्यात ती हँडल हलवते.

कायदा काय म्हणतो?

देशागणिक वेगळं. रस्ता वाहतुकीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात सायकलस्वाराने किमान एक हात हँडलवर ठेवलाच पाहिजे असं कलम आहे. नेदरलँड्समध्ये 1 जुलै 2019 पासून सायकल चालवताना मोबाइल हातात धरायला बंदी आहे. जपानने 1 नोव्हेंबर 2024 पासून शिक्षा कडक केली. चालत्या सायकलवर मोबाइल हातात घेऊन बोललात किंवा स्क्रीनकडे बघत राहिलात, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. थांबलेल्या सायकलला तो नियम नाही. आपण जिथे चालवतो तिथला नियम निघण्याआधी वाचावा, आणि नियमात सूट असली तरी वाहतुकीत हात सोडू नये.

रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढावेत का?

जाता जाता कोणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून निघून जाणं मला बरोबर वाटत नाही. त्या माणसाला नाही म्हणायची संधीच मिळत नाही. सायकल थांबवा, दोन शब्द बोला, विचारा. सायकलवाल्याशी लोक मोकळेपणाने बोलतात आणि बोलल्यानंतरचा फोटो वेगळाच येतो. लहान मुलांच्या बाबतीत पालकांना विचारल्याशिवाय नाही. ॲक्शन कॅमेऱ्यात आपोआप आलेले चेहरे आणि गाड्यांचे नंबर फोटो टाकण्याआधी पुसून टाका.

पाऊस, धूळ, दव?

कॅमेऱ्यावर लिहिलेलं आयपीएक्स7 हे पाण्यापासून बचावाचं मानक म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, तेही स्थिर पाण्यात. टायरने उडवलेला चिखल ही वेगळी गोष्ट आहे. धुळीच्या रस्त्यावर लेन्स बदलू नका, आणि पुढे-मागे सरकणारी लेन्स असलेला कॅमेरा गरजेपुरताच उघडा, कारण बाहेर येणारी लेन्स आत जाताना धूळ घेऊन जाते. थंडीतून गरम, दमट खोलीत शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करा आणि तासाभराने काढा, म्हणजे दव काचेवर न जमता पिशवीवर जमतं.

पूर्वीचे लोक हे कसं करायचे?

सायकल आणि कॅमेरा यांची सोबत फार जुनी आहे. डनलॉपचा हवेचा टायर आणि ईस्टमनचा कोडॅक कॅमेरा, दोन्ही 1888 चे. 1890 च्या दशकात सायकलची लाट आली तेव्हा कॅमेरा बनवणाऱ्यांनी सायकलस्वारांकडे मोर्चा वळवला. फोल्मर अँड श्विंग ही न्यूयॉर्कची कंपनी सायकली विकायची आणि कॅमेरेही बनवायची. तिच्या घडीच्या कॅमेऱ्याचं नाव होतं सायकल ग्राफिक. हीच पुढे ग्राफ्लेक्स झाली आणि तिचा स्पीड ग्राफिक अनेक दशकं वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांच्या हातात दिसायचा. त्या काळी हे कॅमेरे सायकलवर वाहून न्यायचे आणि उतरून, मांडून वापरायचे. ज्यांच्यावर फोटो उमटायचा त्या काचेच्या प्लेटा जपत कच्च्या रस्त्यांवर फिरलेल्या त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

क्षितिज नेहमी तिरकं येतं. सरळ कसं ठेवू?

न बघता काढलेल्या फोटोत ते तिरकं येणारच. चालत्या सायकलवर ते सरळ करायच्या नादी लागू नका, नंतर संगणकावर करा. फोटो फिरवला की कोपरे कापले जातात, म्हणून काढतानाच मोकळा, वाइड काढा आणि मुख्य विषय कडेला चिकटू देऊ नका. थोडासा तिरकेपणा वेगाच्या फोटोला शोभतो. तळं किंवा समुद्र असेल तर मात्र पाण्याची रेघ सरळच करा.